हद्दीच्या दगडाखाली

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी सासू म्हणायची, आणि कौतुकाने म्हणायची नाही. पण ती भिंगरी काही मी हौसेने बांधून घेतली नव्हती. माझे वडील पोलिसात होते. आमच्याकडे खेड्यापाड्यांतले पोलीस लष्करी शिस्तीत राहतात आणि बायकापोरांसकट सरकारी क्वार्टरमध्ये कोंडले जातात. दर तीन-चार वर्षांनी बदली. एवढं भोगून अक्कल यायला हवी होती, तर मी लग्नही पोलिसाशीच केलं. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या चौदा क्वार्टर झाल्या. भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज. पडद्याचा रंग बदलला तर साहेबांच्या बायकोचं तोंड वाकडं. माळ्यावर माझी तीन खोकी आहेत, ती तिसऱ्या बदलीपासून उघडलेलीच नाहीत. त्यांत काय आहे ते मला आता आठवत नाही, पण दर वेळी मी ती उचलते आणि पुढच्या माळ्यावर ठेवते.

माझा नवरा रेजिस एक ऑक्टोबरला निवृत्त होणार होता. त्याच दिवशी क्वार्टरची किल्ली परत करायची. म्हणजे आता कुणी बदली करणार नव्हतं, नुसतं बाहेर काढणार होतं.

"भाड्याने घेऊ काहीतरी," रेजिस म्हणाला.

"मेले तरी भाड्याने घेणार नाही," मी म्हणाले. "जमीन घेऊ. घर उभं राहीपर्यंत जमिनीवर कॅरॅव्हॅन लावू. पण ती कॅरॅव्हॅन आपल्या मातीवर उभी असेल."

रेजिस भांडत नाही. तो मिशीवरून बोट फिरवतो आणि गाडीची किल्ली घेतो. तसं आम्ही आठ महिन्यांत सतरा जागा पाहिल्या. एक उत्तरेला तोंड करून बसलेली, तिथे मार्चपर्यंत गवतावरचं बर्फ हटत नव्हतं. एकीच्या शेजारी डुकरांचा गोठा. एकीला पाण्याची जोडणी पाचशे मीटरवरून आणायची होती. एक मला फारच आवडली होती, पण मालक सात भावंडं निघाली आणि त्यातला एक कॅनडात बसून कुणाच्या पत्राला उत्तरच देत नव्हता.

अठरावी जागा ले ब्रुसादची. वाडीत घरं सात, त्यातल्या चारांच्याच धुराड्यांतून धूर निघतो. दक्षिणेकडे उतार, खाली तळं, वर चेस्टनटची झाडं. चौदाशे चौरस मीटर, अठरा हजार युरो. मालक आन्सेल्म कुर्तेक्स, वय ऐंशी, आता गावात मुलीच्या फ्लॅटमध्ये राहणारा. मी फाटकातून आत गेले, उताराच्या मध्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "इथे."

"माती तपासू दे, पाणी बघू दे—" रेजिस म्हणाला.

"इथे, रेजिस."

मार्चमध्ये साठेखत झालं. घर बांधता येईल असा नगरपालिकेचा दाखला जागेला होता, पण त्याची मुदत तीस जूनला संपत होती. त्याच्या आत बांधकामाचा अर्ज गेला तर ठीक. नाहीतर वाडीचा नवा नकाशा मंजूर झाला होता आणि त्यात ही जागा शेतजमीन दाखवली होती. म्हणजे एक जुलैपासून तिथे गाय बांधता आली असती, घर नाही. अर्जाला हद्दीची मोजणी लागणार होती आणि मोजणीवाल्या बाईने मेच्या चौदा तारखेची वेळ दिली होती.

मार्च ते मे म्हणजे दोन महिने. दोन महिने हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. रोज संध्याकाळी बावीस किलोमीटर गाडी हाणत मी ब्रुसादला जायचे. जागा अजून आमची नव्हती, पण आन्सेल्म म्हणाला होता, "झाडंझुडपं काढायची तर काढा, मला काय." मी काटेरी वेली तोडल्या, जुनी तार गुंडाळली, दगड गोळा केले. शेजारच्या घरातून पडदा हलायचा. ती एर्नेस्तीन माझो, आन्सेल्मची मोठी बहीण, वय ब्याऐंशी. तिचं शेत आमच्या जागेला लागून. बहीणभावाचं तीस वर्षं बोलणं नव्हतं. मी पडद्याकडे बघून हात हलवायचे, आणि पडदा पडायचा.

एप्रिलच्या शेवटी वेलींखाली मला हद्दीचा दगड सापडला. गुडघ्याएवढा, ग्रॅनाइटचा, शेवाळ धरलेला आणि एका बाजूला पार कललेला. मला तिरकं बघवत नाही. क्वार्टरमध्ये दर वर्षी तपासणी असते, साहेब येऊन कुंड्या एका रेषेत आहेत का तेसुद्धा बघतात, आणि मी आयुष्यभर कुंड्या रेषेत लावल्या आहेत. मोजणीवाली बाई येईल तेव्हा दगड सरळ हवा, एवढाच माझा विचार. मी फावडं घेतलं, भोवतीची माती काढली, पहार घालून दगड बाहेर काढला. खाली फुटक्या कौलाचे तीन तुकडे होते. ते बादलीत टाकले. खड्ड्यात खडी घालून ठोकून घेतली, दगड परत त्याच जागी उभा केला, माती दाबली, वर उभी राहून नाचलेसुद्धा थोडी. दगड सैनिकासारखा ताठ.

कौलाचे तुकडे घरी आणून जेरेनियमच्या तीन कुंड्यांच्या तळाशी घातले. पाणी निथळायला बरे असतात. आई तेच करायची, तिची आईही तेच करायची.

चौदा मेला सगळे जमले. मोजणीवाली तिफेन नादो तिशीची, चिखलाचे बूट, हातात गुलाबी रंगाचा फवारा आणि तिपाईवरचं यंत्र. आन्सेल्म काठी टेकत आला. एर्नेस्तीन तिच्या बाजूच्या बांधावर उभी राहिली, निळा ॲप्रन, हात छातीवर. भावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"हद्द या दगडापासून त्या कोपऱ्यापर्यंत धरू का?" तिफेनने विचारलं.

"धरा की," आन्सेल्म म्हणाला.

"धरू नका," एर्नेस्तीन म्हणाली. "हद्द तिकडून जाते." तिने बोट दाखवलं ते अडीच मीटर आत, आमच्या बाजूला, एका कापलेल्या झाडाच्या बुंध्याकडे. "तो दगड नुसता दगड आहे."

"मादाम माझो, तो तर हद्दीचाच दिसतोय."

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? खाली बघा. साक्षीदार असले तर हद्दीचा."

तिफेनने मान हलवली आणि आम्हाला सांगितलं. जुन्या काळी दगड पुरताना एक कौल फोडायचे आणि त्याचे तुकडे दगडाखाली ठेवायचे. त्यांना साक्षीदार म्हणतात. पुढे कुणी शंका घेतली तर दगडाखाली उकरायचं. तुकडे निघाले आणि एकमेकांना जुळले, तर दगड खरा. नाही निघाले, तर कुणीतरी तो हलवून तिथे आणून रोवला आहे.

मला माझ्या जेरेनियमच्या कुंड्या आठवल्या. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कुठून सांगणार? ज्यांना जमीन असते त्यांच्या घरात ही बोलणी होतात. आमच्या घरात बदलीचा हुकूम कधी येणार याची बोलणी व्हायची.

तिफेनने उकरलं. ताजी माती, खाली स्वच्छ खडी, खडीखाली काही नाही.

"ही माती अलीकडे हलवली आहे," ती म्हणाली. "दगडाला कुणी हात लावलाय का?"

"मी तर वाकूसुद्धा शकत नाही," आन्सेल्म म्हणाला.

एर्नेस्तीन माझ्याकडे बघत राहिली.

माझं तोंड उघडणार होतं. खरंच उघडणार होतं. पण त्याच्या आधी रेजिस बोलला, त्याच्या त्या रोजच्या शांत आवाजात: "आमच्यापैकी कुणी नाही. माझा शब्द समजा."

तीस वर्षं त्या माणसाने लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली आहेत. त्याचा शब्द तालुकाभर चालतो. तो शब्द त्याने माझ्यासाठी टाकला, आणि मी मूग गिळून उभी राहिले.

तिफेनने यंत्र मिटलं. बुंध्यापासून हद्द धरली तर काय होईल ते तिने तिथेच मोजून सांगितलं. वर खडक आहे, खडकाच्या खाली घर, घराच्या खाली सेप्टिक टाकीचा शोषखड्डा, आणि तो हद्दीपासून तीन मीटर लांबच हवा. अडीच मीटर गेले की शोषखड्डा बसत नाही. शोषखड्डा नाही तर परवानगी नाही.

"अकरा जूनला परत येते," ती म्हणाली. "तोवर तुम्ही शेजारी-शेजारी बोलून घ्या. मादाम माझोंनी सही केली नाही तर प्रकरण कोर्टात. वर्ष जाईल, दीडही जाईल."

"मला घाई नाही," एर्नेस्तीन म्हणाली आणि कोंबड्यांना हाकत घरात गेली.

परतीच्या वाटेवर रेजिस म्हणाला, "म्हातारीनेच काढले असणार तुकडे. हद्दीशी खेळणारी माणसं मी फार पाहिली. मला सगळ्यांत जास्त चीड येते ती त्यांची. चोर निदान पळतो तरी. हे लोक शेजारी उभे राहून साळसूदपणे 'नमस्कार' म्हणतात."

मी खिडकीतून बाहेर गायी मोजत होते.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीकडे सरकवलं. मग परत जागेवर. मग कपाट रिकामं करून उलट्या क्रमाने भरलं. रेजिस म्हणाला, "आता काय?" मी म्हणाले, "धूळ होती." तो ड्यूटीवर गेल्यावर बाल्कनीत बसून एक कुंडी ओतली, मग दुसरी. जेरेनियम बाजूला ठेवून दोन तुकडे पाण्याने धुतले आणि एकमेकांना लावून बघितले. ते असे घट्ट बसले की मधली रेघ दिसेना. मी घाबरून ते परत कुंडीत पुरले, वर रोप लावलं, आणि बाल्कनी धुऊन काढली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईने खून केलाय.

तो महिना मी कसा काढला ते मला विचारू नका. जेवताना उठायचे, झोपताना उठायचे. तीन दुकानांत सारखीच कॉफी घेतली आणि तिन्ही पुडे ओट्यावर मांडून बसले. रेजिसला सांगायचं म्हणून रोज सकाळी ठरवायचे. पण त्याने शब्द दिलेला होता, आणि मी सांगितलं की तो खोटा ठरत होता. निवृत्तीला चार महिने उरलेले, क्वार्टरच्या पोरांनी त्याच्या निरोप समारंभासाठी वर्गणी काढायला सुरुवात केलेली. न सांगावं तर घर जात होतं. सांगावं तर घर मिळेल याचीही खात्री नव्हती. कारण तुकडे माझ्या कुंडीतून निघाले तर ते त्या दगडाखालचेच कशावरून? मी कुठल्याही उकिरड्यावरून एखादं कौल आणून फोडलं नसेल कशावरून?

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीच एर्नेस्तीनकडे गेले. सोबत स्ट्रॉबेरीचा टार्ट होता.

"टेबलावर ठेवा," ती म्हणाली. तिने बसायला सांगितलं नाही, पण कॉफी ओतली, दांडी तुटलेल्या कपात. "कशाला आलात?"

"असंच. शेजारी होणार म्हणून..."

"होणार का?"

"ते तुमच्या हातात आहे, मादाम माझो."

"माझ्या हातात सांधेदुखी आहे." ती शेंगा सोलायला बसली. "मला एक सांगा, तुम्हा पोलिसांच्या बायकांना जमीन कशाला लागते? तुम्ही चाकावरची माणसं. आज इथे, उद्या तिकडे. दोन वर्षांत कंटाळाल आणि कुणा इंग्रजाला विकाल. मग तो तळ्यात पोहेल आणि माझ्या कोंबड्यांचे फोटो काढेल."

"मी कुठे जाणार नाही."

"तुमचा एक पाय आत्तासुद्धा दाराबाहेर आहे."

होता. मी उंबऱ्यातच उभी होते. मी आत आले आणि तिच्यासमोर शेंगा सोलायला बसले. अर्धी टोपली संपली. दगडाबद्दल बोलायला मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा हवामानाबद्दल बोलले. ती दर वेळी हात थांबवून ऐकायची, आणि हवामान आलं की पुन्हा सोलायला लागायची.

निघताना म्हणाली, "टार्टमध्ये साखर जास्त आहे."

अकरा जूनला सकाळी रेजिस आंघोळीला गेला तेव्हा मी तिन्ही कुंड्या ओतल्या. तुकडे फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. काय करणार ते तेव्हाही ठरलं नव्हतं. गाडीत मी इतकी पाय हलवत होते की रेजिसने एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही झालं तर एकोणिसावी बघू," तो म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला, की मला त्याचा राग आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त आला.

तेच सगळे, त्याच जागी. तिफेनने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवले. "मादाम माझो, काय ठरलं?"

"हद्द बुंध्यापासून."

"सही करणार नाही?"

"दगडाखाली काही निघालं का? नाही. मग सही कसली?"

तिफेनने सुस्कारा सोडून पेनाचं टोपण काढलं. वाटाघाट फिसकटली असं ती लिहायला लागली. मी तिच्या पेनाकडे बघत होते. पहिला शब्द लिहून झाला, दुसरा झाला.

"मी काढलं," मी म्हणाले.

कुणाला समजलं नाही. मी पर्स उघडली, फडकं सोडलं आणि तिन्ही तुकडे त्या कागदांवर ठेवले. "एप्रिलमध्ये. दगड तिरका होता. मी सरळ करायला उपसला. हे खाली होते. मला माहीत नव्हतं हे काय असतं. मी कुंड्यांत घातले. आणि कळलं तेव्हा मी गप्प बसले. रेजिसला माहीत नव्हतं. त्याने शब्द दिला तो खरा समजून दिला. खोटी मी आहे."

रेजिसचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होता, जिचं नाव-गाव आता विचारून घ्यायचं आहे. मग तो बॉनेटपाशी गेला. तुकडे उचलले, उलटेसुलटे केले, एकाला एक लावले. तिन्ही बसले. पूर्ण कौल झालं, एका कोपऱ्यात कुंभाराच्या बोटाचा ठसासुद्धा पूर्ण झाला.

"जुळतात," तो म्हणाला. पंचनामा सांगावा तसा. मग तिफेनकडे वळून: "मागच्या वेळी मी दिलेला शब्द चुकीचा होता. तुमच्या कागदात तसं लिहा."



"तुकडे खरे आहेत," तिफेन म्हणाली. ती अवघडली होती. "पण मला सांगता येत नाही ते कुठून निघाले. दगड काढून परत लावलाय. तिथेच लावला की हातभर सरकवून, की आणखी कुठून आणून? नुसत्या कौलावरून हद्द नाही काढता येत. कुणाला तरी ती जागा आठवायला हवी."

"मला आठवते की!" आन्सेल्म पुढे सरसावला. "आजोबांनी दगड पुरला तेव्हा मी होतो. चांगलं आठवतं. तिकडे, त्या अक्रोडाजवळ." त्याने काठीने दाखवलं ते बहिणीच्या शेतात चार मीटर आत.

एर्नेस्तीन हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

"तुला काय आठवणार? तुला कुठे मार पडला होता?" तीस वर्षांत ती भावाशी पहिलं वाक्य बोलली ते हे. मग ती आम्हा बाकीच्यांकडे वळली. "एकोणीसशे एकोणपन्नास साल. मी सात वर्षांची, हा पाच. दगड पुरला, कौल फोडून खाली ठेवलं, दोन्हीकडचे म्हातारे वाइन प्यायले. आणि मग रीत होती, तिथे हजर असलेल्यांत जे सगळ्यांत लहान पोर असेल त्याला दगडापाशी उभं करून एक सणसणीत द्यायची. म्हणजे ती जागा ते जन्मभर विसरणार नाही. म्हातारे मरतील, कागद कुजतील, पण थोबाडीत खाल्लेलं पोर विसरत नाही. लहान कोण होता? हा. पण हा मुलगा, हा लाडका, याला सर्दी झाली होती. आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझी वेणी धरली."

आन्सेल्म काठीच्या टोकाने गवत उकरत होता.

"कानातून रक्त आलं माझ्या," ती म्हणाली. "आणि जमीन कुणाला मिळाली? याला. मला काय मिळालं? ती जागा लक्षात ठेवायचं काम. मग माझं लग्न झालं ते दगडाच्या या बाजूच्या माझोशी. बरं झालं. निदान दगड रोज दिसायचा."

"मग, मादाम माझो," तिफेन हळूच म्हणाली, "जागा कुठली?"

अडीच मीटर रुंद पट्टा म्हणजे तिच्या शेताला तशी काही मोठी भर नव्हती. पण तिचा त्यावर हक्क होता असं मला त्या क्षणी वाटलं. खरंच वाटलं. मीच त्या जागी असते तर बुंध्याकडे बोट दाखवून घरात निघून गेले असते.

ती बांध उतरून आली. वाकायला तिला त्रास होत होता. दगडावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हिने उपसला तेव्हा मी खिडकीत होते. भांडी ठोकावीत तसा ठोकत होती. काढला त्याच भोकात परत घातला, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. वर उभी राहून नाचली पण."

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" तिफेनने विचारलं.

"मला कुणी विचारलं? हिने उपसला, हिने सांगायचं. हिला वाचा फुटली नाही, मग मी म्हटलं, ठीक आहे, तर मग अडीच मीटर माझे. आजसुद्धा घेतले असते." ती सरळ उभी राहिली. "मी सही करतेय ती तुझ्यासाठी नाही, आन्सेल्म, ऐकतोयस ना? तुला काडी मिळू नये असं मला वाटतं."

"ऐकतोय," आन्सेल्म म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. म्हाताऱ्यांचे भरतात, त्याला फार अर्थ नसतो, पण त्याचे भरले होते.

"आणि तू, इकडे ये." ती मला म्हणाली. मला ती आतापर्यंत 'तुम्ही' म्हणायची.

मी गेले.

"इथे उभी राहा. दगडाला पाय लागू दे. मी आता ब्याऐंशीची. मी गेले की ही जागा कोण सांगणार? हा? हा अक्रोड दाखवेल. तुझा नवरा? तो शब्द देईल. इथे जमलेल्यांत लहान कोण?"

"मी," तिफेन म्हणाली.

"तुम्ही संध्याकाळी गाडीत बसून जाल. राहणाऱ्यांत लहान कोण?"

मला कळायच्या आत तिचा हात आला. सांधेदुखीचा हात तो, पण त्यात पंचाहत्तर वर्षं साठलेली होती. माझं डोकं बाजूला फिरलं, चष्मा गवतात पडला, कानात शिट्टी वाजायला लागली. रेजिस एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"कुठे आहे हद्द?" ती म्हणाली.

"इथे."

"इथे म्हणजे कुठे? नीट सांग."

"दगड माझ्या डाव्या पायाशी. समोर तुमच्या धुण्याच्या दोरीचा खांब, मागे चेस्टनटचं दोन फांद्यांचं झाड, आणि तिन्ही एका रेषेत."

तिने मान हलवली, हात चोळला आणि तिफेनला म्हणाली, "पेन द्या. आणि ते कौल परत खाली घाला. आपापल्या जागी, हिच्यासारखं कुंडीत नको."

रेजिसने माझा चष्मा उचलून रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. तो माझ्याशी बरेच दिवस बोलणार नव्हता हे मला कळत होतं, आणि ते माझ्या वाट्याचं होतं. मग तो गुडघ्यावर बसून दगडाभोवतीची माती काढायला लागला. मीही त्याच्या बाजूला बसले. आम्ही दोघांनी मिळून दगड उचलला, खडी उपसली, तिन्ही तुकडे एकमेकांना लावून खाली ठेवले आणि दगड परत उभा केला. तो थोडा कलला. मी तो तसाच राहू दिला.

खरेदीखत पुढे पंचवीस जूनला झालं आणि अर्ज सत्तावीसला गेला. पण माझी जमीन मला मिळाली ती त्या सकाळी, गाल पेटलेला असताना. मी रडत होते, नाक गळत होतं, नखांत माती होती. चौदा क्वार्टरमधल्या एकाही खोलीचा दरवाजा कुठल्या भिंतीला होता ते मला धड आठवत नाही. ही जागा मात्र मी मेले तरी विसरणार नव्हते.

"आता मला इथून कोणी हलवून दाखवा!" मी ओरडले. कुणाला उद्देशून ते मला माहीत नाही.

"हळू," एर्नेस्तीन सही करता करता म्हणाली. "कोंबड्या अंड्यांवर बसल्यात."